अणुवीज केंद्रातील ऑपरेटरचे प्रशिक्षण : नियम कोणी करायचा आणि कशाचा

मित्रहो, अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला काय शिकवायचे, हे केंद्र चालवणाऱ्या कंपनीने ठरवावे की नियामकाने, या प्रश्नावर अमेरिकेत १९७९ ते १९९३ अशी चौदा वर्षे खल चालला. आज मी त्याच प्रकरणाच्या आधारे बोलणार आहे. नियामकाने अभ्यासक्रमाचे तास मोजत बसू नये, पण प्रशिक्षणाचे बंधन मात्र स्वतःच्याच हातात ठेवावे, असे माझे मत आहे आणि ते या इतिहासातूनच बनलेले आहे.

पेन्सिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ च्या पहाटे पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. अणुभट्टी काही सेकंदांत आपोआप थांबली. तिथवर सारे ठीक होते. मात्र प्रेशरायझरच्या, म्हणजे अणुभट्टीतील पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीच्या, माथ्यावरील दाब सोडून देणारी झडप उघडली ती पुन्हा मिटलीच नाही. पॅनेलवरचा दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता, ती मिटण्याचा विद्युत आदेश गेला एवढेच दाखवत होता. त्यामुळे झडप मिटली असा ऑपरेटरांचा समज झाला. उघड्या झडपेतून पाणी निघून जात होते, दाब उतरत होता आणि तरीही प्रेशरायझरमधील पातळी मात्र चढत होती. प्रेशरायझर कधीही काठोकाठ भरू द्यायचा नाही, हे त्यांच्या मनावर पक्के बिंबवलेले होते. म्हणून आपोआप सुरू झालेला आणीबाणीच्या पाण्याचा प्रवाह त्यांनी स्वतःच्या हातांनी कमी केला. झडपेमागची दुसरी झडप बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला होता आणि शेवटी अणुभट्टीचा सुमारे निम्मा गाभा वितळला.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ही माणसे अशिक्षित नव्हती. त्यांच्याकडे सरकारी परवाने होते, परीक्षा ते उत्तीर्ण झालेले होते आणि जे शिकवले होते तेच त्यांनी केले. दोष शिकवलेल्या गोष्टीत होता. ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या सरावासाठीच्या प्रतिकृतीवर, त्यांनी सराव केला होता, त्यावर ही विशिष्ट परिस्थिती उभी करण्याची सोयच नव्हती. त्याहून बोचणारी बाब म्हणजे सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप उघडी राहिली होती आणि तिथल्या ऑपरेटरांनीही पाणी असेच आखडते घेतले होते. अणुभट्टी तेव्हा अगदी कमी शक्तीवर चालू होती आणि चूक लवकर उमगली, म्हणून निभावले. तो धडा इतर केंद्रांच्या वर्गखोल्यांपर्यंत पोहोचलाच नाही.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने ऑक्टोबर १९७९ मधील अहवालात ऑपरेटर-प्रशिक्षणावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षाअखेर वीज कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इन्पो’ ही स्वतःची संस्था काढली आणि पुढे तिच्यामार्फत प्रशिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. ही पद्धत नाममात्र नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एकमेकांच्या केंद्रांची झाडाझडती घेणारे सहव्यावसायिक अनेकदा सरकारी निरीक्षकाहून अधिक खोलात शिरतात.

अडचण कायद्याची होती. १९८२ च्या अणुकचरा धोरण कायद्यातील कलम ३०६ ने अणु नियामक आयोगाला, म्हणजे एनआरसीला, ऑपरेटर, पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणासाठी नियम किंवा योग्य नियामक मार्गदर्शन जारी करण्याचा आदेश दिला होता. आयोगाने १९८५ मध्ये एक धोरण-निवेदन काढून उद्योगाच्या मान्यता-पद्धतीवर भिस्त ठेवली. ‘पब्लिक सिटिझन’ ही संघटना न्यायालयात गेली. कोलंबिया जिल्ह्याच्या, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनमधील, संघराज्य अपील न्यायालयाने १९९० मध्ये निर्णय दिला की, रूप कोणतेही असो, केंद्रांवर बंधनकारक ठरतील अशा अटी आयोगाने घातल्याच पाहिजेत. मला हा निर्णय योग्य वाटतो. उद्योगाचे काम वाईट होते असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पण ज्या व्यवस्थेतून कंपनी उद्या अंग काढून घेऊ शकते, त्या व्यवस्थेला नियमन म्हणता येत नाही.

त्यानंतर १९९३ मध्ये आलेल्या नियमात अभ्यासक्रमाचा एकही तास ठरवून दिलेला नाही, आणि तेच त्याचे शहाणपण आहे. कामाचे पद्धतशीर विश्लेषण करा, त्यातून शिकण्याची उद्दिष्टे काढा, त्यांनुसार शिकवा आणि शिकणाऱ्याची पारख करा, अशी त्याची साखळी आहे. तिची शेवटची कडी मला सर्वांत मोलाची वाटते : शिकलेला माणूस प्रत्यक्ष कामावर कसा वागतो ते पाहून प्रशिक्षणच तपासायचे आणि बदलायचे. डेव्हिस-बेसीनंतर नेमके हेच घडले नव्हते. पण कागदावर पूर्ण करून दाखवायला सर्वांत सोपी कडीही हीच आहे. वर्षाकाठी एक अभिप्राय-पत्रक भरून फाइलला लावले की अट पुरी झाल्यासारखी दिसते.

परवान्याची व्यवस्था याहून वेगळी आणि अधिक करडी आहे. ऑपरेटरचा परवाना सहा वर्षांचा असतो. फेरप्रशिक्षणाचे चक्र जास्तीत जास्त २४ महिन्यांचे असते, त्यात सर्वंकष लेखी परीक्षा होते आणि सिम्युलेटरवरील प्रात्यक्षिक दर वर्षी द्यावे लागते. शिवाय दर तिमाहीत आठ तासांच्या किमान सात किंवा बारा तासांच्या किमान पाच पाळ्या प्रत्यक्ष केल्या नाहीत, तर परवाना खिशात असूनही पॅनेलसमोर लगेच बसता येत नाही. टेबलावरचा वरिष्ठ अधिकारी आणि पॅनेलवर हात असलेला माणूस यांच्यात कायदा असा फरक करतो, हे मला फार रास्त वाटते.

मात्र फेरपरीक्षेच्या बाबतीत आयोगाने एक पाऊल मागे घेतले. प्रत्येक परवानाधारकाने सहा वर्षांत एकदा आयोगाने घेतलेली फेरपरीक्षा उत्तीर्ण व्हावी, ही १९८७ ची अट १९९४ मध्ये वगळली गेली. आता ही परीक्षा केंद्रच घेते आणि आयोग तिची तपासणी करतो. निरीक्षकांचा वेळ कमकुवत केंद्रांकडे वळवता यावा, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. पण शिकवणारा, प्रश्न काढणारा आणि उत्तीर्ण करणारा एकाच छताखाली आला की प्रसंग ओळखीचे होत जातात, आणि ओळखीच्या प्रसंगात ऑपरेटर निदान न करता आठवणीवर हात चालवतो. म्हणून निरीक्षकाने उत्तीर्णांची टक्केवारी बाजूला ठेवून सिम्युलेटरवरचे प्रसंग किती वेळा फिरवून वापरले गेले आहेत, ते आधी विचारावे.

नियंत्रण कक्षाबाहेरच्या माणसांचा प्रश्न याहून बिकट आहे. थ्री माइल आयलंडमध्ये त्या पहाटे पूरक पाण्याच्या वाटेवरच्या दोन झडपाही बंद होत्या आणि ते लक्षात यायला आठ मिनिटे लागली. त्या बंद का राहिल्या, याचा निर्णायक उलगडा झाला नाही. १९९३ च्या नियमात बिनपरवाना ऑपरेटर, यांत्रिक आणि विद्युत दुरुस्ती करणारे, उपकरण-तंत्रज्ञ, रसायन आणि किरणोत्सार-सुरक्षा कर्मचारी असे एकूण नऊ गट येतात. त्यांतील तंत्रज्ञांना संघराज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी आयोगाकडे परीक्षेचे साधनच नाही. तिथे निरीक्षकाला त्या केंद्रातील दुरुस्तीच्या नोंदी, पुन्हा पुन्हा कराव्या लागलेल्या कामांची यादी आणि प्रशिक्षणाचा आराखडा शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागते.