पीएम बाकी आहे

(दृश्य : सोलापूर, सात रस्ता, दुपार)

मे महिना. पारा चाळिशीच्या पुढे. दवाखान्यातली मशीनं सांभाळणाऱ्या कंपनीच्या, मोटारसायकलवरच्या या इंजिनिअरच्या सॅकमध्ये मल्टीमीटर, हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो अ‍ॅनालायझर, रबरी टेस्ट लंग म्हणजे चाचणीचं नकली फुप्फुस, आणि जेवणाचा डबा आहे. डबा कधी उघडेल ते फोनवर अवलंबून.

सोलापूरच्या दवाखान्यांत नुसते सोलापूरचे पेशंट नसतात. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहूनही येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू कानावर पडतं. त्यात व्हेंटिलेटर बंद पडला, तर पुढचा दवाखाना शोधायची धावपळ नातेवाइकांच्या वाट्याला येते.

(दृश्य : व्हेंटिलेटरचं मागचं झाकण निघतं)

हे मशीन बिघडलेलं नाही. पीएमसाठी, म्हणजे बिघडण्याआधीच्या देखभालीसाठी, आज रिकामं मिळालंय. रिकामं मिळणं हेच मुश्कील. हा फिल्टर मुळात पांढरा होता. चादरी-ब्लँकेटचे तंतू आणि रस्त्याची धूळ बसून त्याची जुनी वाकळ झालीय. हवा आत जात नाही, पंखा ओढत राहतो, बोर्ड तापतो.

आता ऑक्सिजन सेल. जेमतेम अंगठ्याएवढा. आतल्या शिशाची ऑक्सिजनशी क्रिया होऊन थोडी वीज तयार होते, तिच्यावरून मशीन ऑक्सिजनचं प्रमाण ओळखतं. शिसं संपत जातं. मशीन वापरा नाहीतर झाकून ठेवा, वर्ष-दोन वर्षांत सेल जातोच. साध्या हवेवर आकडा २१ आला, ठीक. पाइपलाइनच्या शुद्ध ऑक्सिजनवर १०० च्या आसपास हवा. तो ९३ वर अडकलाय.

सेल बदलणं पाच मिनिटांचं काम. पण करार एएमसीचा, म्हणजे नुसत्या वार्षिक देखभालीचा आहे, पार्टसकटच्या सीएमसीचा नाही. येणं आणि मजुरी धरलेली, पार्टचं बिल वेगळं. मग कोटेशन, मंजुरी, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, कुरिअर. नवीन मशीन आलं की नारळ फुटतो, फोटो निघतो. सेलच्या कोटेशनवर सही करायला मात्र साहेब जागेवर नसतात.

"झालं का ओ? पेशंट वर आणायलेत," सिस्टर विचारतात. मशीनवर चिठ्ठी लागते : सेल बदलेपर्यंत वापरू नये. सिस्टर दुसरं मशीन ओढायला जातात.

(दृश्य : सॉकेटमध्ये मल्टीमीटर)

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज शून्याच्या जवळ हवं, दोन-तीन व्होल्टपर्यंत चालवून घेतात. इथे ११. अर्थिंग कच्चं असलं की मॉनिटरवरची ईसीजीची रेघ थरथरते, आणि मशीनमधून गळणारी वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट शोधते. अर्थिंगचा खड्डा इमारतीच्या मागे सापडला. झाकणावर तुळशीची कुंडी. उन्हाळ्यात जमीन वाळते, खड्ड्यात पाणी पडायलाच हवं. वॉचमनमामांनी कुंडी उचलली, दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळाने आकडा ४ वर. हे काम खरं तर कंपनीचं नाही, दवाखान्याच्या इलेक्ट्रिशियनचं. पण नंतर बोर्ड जळाला, तर पहिला फोन इंजिनिअरलाच.

(दृश्य : सर्व्हिस रिपोर्ट)

फिल्टर बदलला. सेल कोटेशनवर. "अर्थिंग तपासून घ्यावे", हे मागच्या रिपोर्टवरही होतं. सही झाली, शिक्का पडला.

फोन वाजतो. बार्शी. मॉनिटरवर एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, येत नाही. जिना उतरता उतरता इंजिनिअर सांगतायत, "आधी बोटाला लावायचा दुसरा प्रोब लावून बघा. आणि पेशंटच्या नखाला नेलपॉलिश आहे का, तेही बघा."