आधी पासपोर्ट काढ, मग नकाशा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझी भाची एक वही घेऊन घरी आली, बी.एड. झालंय, इस्लामपूरला एका शाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकवतेय, आणि आता डोक्यात घेतलंय की परदेशात जाऊन शिकवायचं. वहीत रकाने आखलेले, देश, पगार, राहायची सोय, हवा. पहिलं नाव कोरिया आणि त्याच्यापुढे चक्क बदाम काढलेला, तो का ते ज्यांच्या घरात कोरियन सिरीयल चालतात त्यांना सांगायला नको. म्हणे मावशी, तू दोन देशांत शिकवून आलीस, सांग ना कुठला घेऊ.

म्हटलं अगं, साडी आहे का ती, कुठला घेऊ म्हणे! आधी पासपोर्ट काढ.

कसंय, इंग्रजी शिकवायला टॉप दहा देश वगैरे याद्या फिरतात ना, त्या बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश पोरांसाठी केलेल्या असतात आणि आपण त्या आपल्या समजून वाचतो. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या लोकांसाठी आहे, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. आपल्याला एक फट आहे, भारत-कोरिया व्यापार करार २०१० साली लागू झाला त्यात भारतीय शिक्षकांना शाळेत इंग्रजीचे असिस्टंट म्हणून घ्यायची सोय केलीय, पण शिक्षकाची पात्रता कागदावर लागते, आणि व्हिसा मिळू शकतो म्हणजे नोकरी मिळाली असं नाही.

जपानचं तर अजून मजेशीर. शाळेत परकी भाषा शिकवायच्या व्हिसाला त्या भाषेत किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं लागतं. आमची बाई दहावीपर्यंत मराठी माध्यमात. बोटं मोजायला लागली, अकरावी बारावी दोन, बी.ए. तीन, बी.एड. दोन... सात. मी म्हटलं अजून पाच वर्षं पीएच.डी. कर, भरतील. तोंड एवढंसं झालं.

श्रीनगरला जन्मलेले ब्रज काचरू म्हणून मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्यात इंग्लंड-अमेरिका, त्याबाहेर आपल्यासारखे देश जिथे कोर्ट-कचेरी-कॉलेज इंग्रजीत चालतं, आणि तिसऱ्यात जपान-चीनसारखे, जिथे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकतात. आता हे तिसरं वर्तुळ शिक्षक शोधताना दुसऱ्याला ओलांडून थेट पहिल्याच्या दारात जाऊन उभं राहतं, आणि मग आपण उगाच इंटरव्ह्यूत अमेरिकन उच्चार काढत बसतो.

मी पहिल्यांदा थायलंडला गेले. तिथे भारतीय माणसाला शिकवता येतं, डिग्री लागते, इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर लागतो, तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना नाहीतर तात्पुरती सूट लागते, आणि दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. पोरं गोड. वर्गात पाऊल टाकलं की अख्खा वर्ग उभा राहून सुरात, गुऽऽड मॉर्निंग टीचाऽऽ. मला दिलेला पहिला धडा होता व्हेस्ट आणि वेस्ट. थाई भाषेत व्ही नाहीच, आणि खरं सांगू, आपला मराठी व तरी कुठे धड व्ही आहे की डब्ल्यू आहे! रात्री आरशासमोर खालच्या ओठावर दात ठेवून व्हेस्ट व्हेस्ट करत बसायचे, शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो मैत्रिणीला वाटलं हिला डास चावलाय.

पगार मात्र बोचला. मला महिन्याला बावीस हजार थाई बात, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंग्लंडच्या पोराला पस्तीस, त्याने शिक्षकाचा कुठलाच कोर्स केलेला नव्हता, प्रेझेंट परफेक्ट कसं समजवायचं ते विचारायला माझ्याकडे यायचा. भांडून काय उपयोग, जाहिरातीतच दोन दर छापलेले होते.

मग मस्कत, तिथल्या एका इंडियन स्कूलमध्ये. तिथे बी.एड.ला किंमत होती. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रियालचे रुपये केले की आईला फोनवर आकडा दोनदा सांगावा लागायचा. पण समुद्र ओलांडून गेले आणि वर्गात बघते तर तीच एनसीईआरटीची पुस्तकं, मागच्या बाकावर एक कोथरूडचा! परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायची हौस तिथे भागली नाही, घराचं कर्ज मात्र फिटलं, आणि मला तेव्हा तेच पाहिजे होतं.

म्हणून भाचीला म्हटलं, पगाराच्या शेजारी अजून एक रकाना आख, महिन्याअखेर हातात काय उरतं. मग मालदीव बघ. तिथे शाळा इंग्रजीतच चालतात आणि बाहेरचे शिक्षक भारतातून भरपूर जातात, पण लहान बेटावर पोस्टिंग मिळालं तर संध्याकाळी पाच मिनिटांत गाव संपतं, ते तुला झेपेल का बघ. आणि टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून देतो म्हणणारा एजंट भेटला तर फोन तिथेच ठेव. रजिस्टर्ड एजंटांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर असतात, आणि त्यांना तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही.

तिने सगळं लिहून घेतलं. मग कागद काढले तर पासपोर्टवर आडनाव एका स्पेलिंगने, डिग्रीवर दुसऱ्या, एक ए जास्त. असल्या कागदावर अटेस्टेशनला, म्हणजे कागद खरे असल्याचा शिक्का घेताना, अडकायला होतं. तर कोरिया नाही, मालदीव नाही, सध्या आमची बाई युनिव्हर्सिटीच्या सात नंबरच्या खिडकीसमोर उभी असते, आणि तिथला क्लार्क जेवायला गेलेला असतो.