पाप कोणाचे?

श्रोतेहो, सप्रेम सलाम.

पाळकीय सेवेत मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा चौदा वर्षांचा मुलगा तापाने गेला. मी त्यांच्या घरी गेलो आणि उंबरा ओलांडताच बोलू लागलो : देवाची योजना आपल्याला कळत नाही, यातही काही भले असेलच, विश्वास खचू देऊ नका. बाई मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला तुटलेले बटण लावत होत्या. सुई हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही थोडा वेळ नुसते बसा." मी बसलो. त्यांनी बटण पुरे केले, दोरा दाताने तोडला, सदऱ्याची घडी घालून तो ट्रंकेत ठेवला, आणि मग त्या बोलू लागल्या. मला बोलण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तेच बरे होते.

पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र येतात, त्याची दशा पाहून मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. त्या तिघांच्या हातून घडलेली एवढीच चांगली गोष्ट. पुढे तोंड उघडले ते ईयोबाचे पाप शोधण्यासाठी. इतके दुःख आले म्हणजे त्याने काहीतरी केलेच असणार, हा त्यांचा हिशोब. ईयोब मात्र गप्प बसत नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडे जाब मागतो, आणि बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला, हे आपल्या उपदेशांतून जितके यायला हवे तितके येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हाच हिशोब शिष्यांच्या तोंडी येतो. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो आणि ते विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू दोघांनाही दोष देत नाही, दिवस आहे तोवर ज्याने मला पाठवले त्याची कामे केली पाहिजेत असे म्हणतो, आणि थुंकीने चिखल कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो.

हा प्रश्न आपल्या मातीत ज्या बाईला जन्मभर ऐकावा लागला तिच्याविषयी आज मला बोलायचे आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. दानधर्म झाला, उपासतापास झाले, शेवटी झाडाची पाने खाण्याची वेळ आली. 1874 मध्ये वडील गेले, पुढच्या काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून रमाबाईंनी स्वतः एक बाजू उचलली. उंची कमी असल्याने ती त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. नंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी हिंडत असताना झेलमच्या काठी थंडीत पांघरायला पुरेसे नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी पटकीने तेही गेले. मांडीवर मुलगी मनोरमा होती, वर्षाचीही नसलेली.

विधवा झालेल्या बाईने पूर्वजन्मी काही पाप केले असणार, असे त्या काळचा समाज सहज म्हणून जाई. पण हे सांगताना आपण ख्रिस्ती लोकांनी मान ताठ करण्याचे कारण नाही. आजार बरा झाला नाही की "तुमचा विश्वास कमी पडला" असे म्हणणारे आपल्या प्रार्थनासभांतही भेटतात. शब्द बदलले, हिशोब अलीफजाचाच राहिला.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर सगळे दुःख निवळले, असे त्यांनी कधी लिहिले नाही. उलट आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भरवसा यायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. विश्वासाची ही उशिरा आलेली पावती मला फार महत्त्वाची वाटते, कारण साक्ष देताना आपल्याला एका रात्रीत पालटलेले आयुष्य सांगण्याचा मोह होतो.

पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा पाने खाऊन काढलेले दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने हाडांचा सापळा झालेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे या मुलींना ठेवता येईना, तेव्हा दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला घेतलेल्या शेतावर राहण्याची सोय झाली. तेच मुक्ती सदन. तिथे मुलींनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि तिथल्या अंध मुलींना ती शिकवली. योहानाच्या नवव्या अध्यायाचे याहून चांगले भाष्य मी वाचलेले नाही. पाप कोणाचे, हे तिथे कोणी विचारत बसले नाही. मुलीचे बोट धरून कागदावरच्या उठावदार ठिपक्यांवर ठेवले आणि अक्षर सांगितले.

मनोरमाबाई आईनंतर हे काम चालवतील असे सर्वांनी धरले होते. 24 जुलै 1921 रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले; वय चाळीस. आईने मुलीच्या पाठीमागे राहावे, याला कोणते उत्तर पुरणार? मी तरी ते देणार नाही, एकदा देऊन पाहिले आहे.

रमाबाईंना त्यानंतर साडेआठ महिनेच मिळाले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईलाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी हाती घेतले होते. ते चालूच राहिले. ऐकू कमी येत होते, प्रकृती ढासळली होती. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे हातही होते. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे ईयोबाचे वचन तिथे जुळवले गेले, आणि बाविसाव्या स्तोत्रातली ती हाकही, जी पुढे वधस्तंभावरून ऐकू आली : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? या ओळीत तक्रार आहे, पण "माझ्या" हा शब्द दोनदा आहे. तो जुळवणाऱ्या मुलीला एकेक खिळा हाताने उचलून, उलटा वाचून, दोन्ही वेळा जागच्या जागी बसवावा लागला असेल.