भाव स्टॉक गाडीचा

(दृश्य: शोरूमच्या मागचं आवार. सकाळची वेळ. लाल स्विफ्ट आत येते.)

सोळा इंची काळे अलॉय. काचांना काळी फिल्म. पुढे लोखंडी गार्ड, डिकीत सबवूफरचा खोका. शौकाने सजवलेली ही गाडी आज एक्स्चेंजला आली आहे. गाडी बघणारा इव्हॅल्युएटर बॉनेट उघडायच्याही आधी एक प्रश्न टाकतो: "ओरिजिनल सामान घरी आहे का?"

या प्रश्नाच्या उत्तरावर बराचसा भाव ठरतो.

डीलर गाडी स्वतःसाठी घेत नाही. ती त्याला एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला विकायची असते, आणि त्या गिऱ्हाइकाला काळे अलॉय आवडतील याची खात्री नसते. मग तो हिशेब उलटा मांडतो. कंपनीतून निघाली तशी, म्हणजे 'स्टॉक', गाडी असती तर किती आले असते, त्यातून ती पुन्हा तशी करण्याचा खर्च वजा, त्यातून आपला नफा वजा. जुनी गाडी विकताना खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर त्याला १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून हा दर लहान-मोठ्या सगळ्या जुन्या गाड्यांना सारखाच आहे. मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा या हिशेबात जमेच्या बाजूला क्वचितच येतो. उणे बाजूला मात्र हमखास येतो.

बऱ्याच शोरूममध्ये तर मॉडिफाय केलेली गाडी ठेवूनच घेत नाहीत. फोटो काढून ब्रोकरांकडे पाठवतात, बोली येते, त्यातून मार्जिन कापून आकडा सांगतात. म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी घासाघीस करून फार काही हाती लागत नाही. बदलता येते ती फोटोतली आणि कागदावरची गाडी.

(दृश्य: आरसीचा जवळून घेतलेला शॉट.)

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने मूळ दिलेलं स्पेसिफिकेशन यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन हाच निकष धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्येक बदलामागे, हे शब्द लक्षात ठेवावेत.

काचांच्या फिल्मचं तर उघड आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. वरून फिल्म चिकटवायला न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली. पुढच्या गार्डवर कारवाई करा, असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. ४१४१ चं 'दादा' दिसेल अशी नंबर प्लेट असेल तर ती काढून एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी प्लेट, लावून घ्यावी. ही तिन्ही कामं अर्ध्या दिवसाची. मागच्या काचेवरची फिल्म मात्र घाईत ओढू नये. काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक रेघा फिल्मबरोबर उखडल्या तर काचच बदलावी लागते. आधी वाफेने गोंद मऊ करून मगच सोलावी.

सीएनजी किटची गोष्ट वेगळी. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर गाडीचा भाव चढतो. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढलेलं असेल, विमा पॉलिसीत त्याची नोंद असेल आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झालेली असेल, तर तेही चालतं. टाकीवरच्या पट्टीवर टेस्टची तारीख असते, इव्हॅल्युएटर ती वाचतोच. गडबड होते ती किट उतरवून दुसऱ्या गाडीत घालणाऱ्यांची. डिकी रिकामी आणि आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी'. अशी गाडी ट्रान्सफरला अडते. किट काढलं की आरटीओत नोंदही बदलून घ्यावी लागते. टाकीच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत का, हे गाडी सपाट जागी उभी करून मागून बघितलं की कळतं.

(दृश्य: चाक उतरवताना. मेकॅनिक टायरच्या कडेवर बोट फिरवतो.)

आता चाकं. या स्विफ्टला कंपनीने १८५/६५ आर१५ टायर दिले होते (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). त्याचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याऐवजी १९५/५५ आर१६ घातले तर व्यास ६२०.९. फरक नगण्य, मीटर बरोबर चालतो. पण रुबाबासाठी २०५/६० आर१६ घातले की व्यास ६५२.४ वर जातो, म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त. मीटरवर ४०,००० किलोमीटर दिसत असतील तर गाडी प्रत्यक्षात ४२,००० चालली. वळणावर टायर आतल्या लायनरला घासल्याच्या खुणा राहतात, त्या लपत नाहीत.

मूळ चाकं परत लावताना एक चूक वारंवार होते. अलॉयचे नट आणि स्टीलच्या रिमचे नट बहुतेक वेळा सारखे नसतात. नटाचा उतार रिमच्या खाचेत नीट बसला नाही तर आवळल्यासारखा वाटतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये ढिला होतो. म्हणून रिमसोबत मूळ नटही जपलेले हवेत. टायरवरची चार आकडी खूणही पाहावी. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षं माळ्यावर पडलेले टायर नक्षी शाबूत असली तरी कोणी धरत नाही.

उतरवलेले अलॉय वेगळे विकले तर पैसे होतात. गाडीला लावून दिले तर होत नाहीत. सबवूफर, अँप, स्क्रीन यांचंही तसंच.

(दृश्य: बॉनेटखाली वायरिंग. काळ्या चिकटपट्टीची वेटोळी.)

खरा पैसा कापला जातो तो इथे.

मूळ हेडलाइटमध्ये एच-४ बल्ब, ६०/५५ वॅटचा. अप्परला एक बल्ब साधारण ५ अँपिअर खेचतो. त्या जागी बाजारातला १००/९० वॅटचा बल्ब घातला की तोच करंट ८.३ अँपिअर होतो. करंट पावणेदोन पटही झाला नाही, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. कंपनीची तार आणि स्विच याला केलेले नसतात. होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. वेगळी जाड तार आणि रिले टाकून हे काम केलेलं असेल तर मूळ वायरिंग वाचतं. बहुतेकांनी ते केलेलं नसतं.

ऑडिओवाल्यांची दोन कामं इव्हॅल्युएटर आधी शोधतो. बॅटरीवरून थेट डिकीपर्यंत नेलेल्या जाड तारेला बॅटरीजवळ, साधारण दीड फुटाच्या आत, फ्यूज आहे का? नसेल तर ती तार फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्याला घासून शॉर्ट होईल त्या दिवशी आग. आणि स्क्रीनचं कनेक्शन कपलरला कपलर (तयार प्लगला प्लग) जोडून घेतलंय, की तारा कापून पिळून टेप मारलाय? कपलर असेल तर मूळ स्टिरिओ पंधरा मिनिटांत परत बसतो. तार कापली असेल तर हार्नेसच, म्हणजे तारांचा अख्खा जुडगाच, बदला म्हणतील, आणि तो खर्च स्टिरिओपेक्षा मोठा.

वरून कापून बसवलेलं सनरूफ हे सगळ्यांत वाईट. छताचा पत्रा कापला की तो परत होत नाही. त्यावर काहीही बोलून उपयोग नाही.

(दृश्य: स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर जोडला जातो.)

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली, गाडी दिसायला तशीच असते. टर्बो डिझेलमध्ये असं करून टॉर्क वाढवतात आणि त्याचा भार क्लच आणि फ्लायव्हीलवर येतो. गाडी देण्याआधी ट्यूनरकडून मूळ फाइल परत चढवून घ्यावी. तरीही माग राहू शकतो. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत कंपनीच्या सिस्टीमने रिमॅप पकडला की त्या गाडीवर 'टीडी१' असा शेरा बसतो आणि संबंधित भागांची वॉरंटी जाते. उरलेली वॉरंटी हा पुढच्या गिऱ्हाइकासाठी किमतीचाच भाग असतो. म्हणून रिमॅप झाला असेल तर सांगून टाकणं स्वस्त पडतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कापून टाकलेल्या बीएस-६ डिझेलला शोरूम सहसा हातच लावत नाही. पाइपवरचं वेल्डिंग लिफ्टवर घेतलं की दिसतं.

आणखी एक युक्ती लोक करतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो, म्हणून आदल्या रात्री स्कॅनर लावून कोड पुसतात. स्कॅनरवर 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर' असा रकानाच असतो. तिथे ६ किलोमीटर दिसले आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, 'अपूर्ण' निघाले की बघणाऱ्याला काय ते कळतं. दोष दुरुस्त करावा, मग शहर आणि हायवे मिळून आठवडाभर गाडी चालवावी. मॉनिटर आपोआप पूर्ण होतात.

रॅपबद्दल, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या फिल्मबद्दल, थोडंसं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, पुटी मारलेला भाग त्याच्या कित्येक पट. रॅप असेल तर रंगाची जाडी मोजणारा मीटर रंग आणि रॅप दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे इव्हॅल्युएटर वाईटातलं वाईट धरून भाव सांगतो. रॅप काढूनच गाडी दाखवावी. मात्र गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवरून तो ओढला तर रंगही सोबत येतो. आधी कडेला इंचभर सोलून बघावं.

(दृश्य: शोरूममधलं टेबल. कोटेशनचा कागद.)

जुन्या गाडीचा भाव आणि एक्स्चेंज बोनस हे दोन आकडे वेगळे लिहून मागावेत. बोनस फुगवून गाडीचा भाव पाडणं सोपं असतं. आपल्याकडे जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा कर कमी होत नाही. जुन्या गाडीचे पैसे फक्त डाउन पेमेंटमध्ये वळते होतात. त्यामुळे बाहेर जास्त भाव मिळाला तर तिकडे विकण्यात कराचं नुकसान नाही. मॉडिफिकेशन चांगल्या हाताचं, बिलांसकट आणि नियमात बसणारं असेल तर तसाच शौकीन शोधलेला बरा.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५. थकलेली ई-चलानं भरून टाकावीत. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्यावं, ते तीन वर्षं चालतं.

मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या देऊन घरी जाऊ नये. ब्रोकरकडे गेलेली मॉडिफाय गाडी तीन-चार हात फिरते, आणि नाव मात्र जुन्याच मालकाचं राहतं. अशाच फिरलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. एप्रिल २०२३ पासून यावर एक सोय झाली आहे. आरटीओकडून अधिकृत झालेल्या डीलरकडे गाडी देताना वाहन पोर्टलवर फॉर्म २९सी भरला की पुढच्या घटनांना तो डीलर मालक मानला जातो. डीलरकडे हे अधिकारपत्र आहे का ते विचारावं आणि भरलेल्या फॉर्मची पोच हातात घेऊनच चावी द्यावी.

(दृश्य: स्विफ्ट आता स्टॉक चाकांवर. मालक पुढच्या काचेवरून काहीतरी खरवडतो.)

फास्टॅग बँकेकडून बंद करून काचेवरून काढायचा राहिला होता. नाहीतर पुढच्या मालकाचा खालापूरचा टोल याच्या खात्यातून कटला असता.