पुरुषवाडीचा मुक्काम (चित्रफितीचं निवेदन)

उजाडायच्या आत चूल पेटलीय. पोतेरं रात्रीच फिरवून झालंय, वैलावर पाण्याचं भांडं चढलंय.

हे पुरुषवाडी. अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका, कुरकुंडी आणि मुळा या नद्यांच्या मधला डोंगर. वस्ती महादेव कोळ्यांची. मुंबईकडून येणाऱ्यानं रेल्वेनं इगतपुरी गाठायची आणि घोटी, राजूर करत वर यायचं. पाहुण्यांचं जेवण गावातल्या घरांतच होतं. घरात शिजेल ते ताटात.

आज नागलीची भाकर आहे. शहरात हिला नाचणी म्हणतात. काठवटीत दोन मुठी पीठ म्हणजे एक भाकर. पाणी कढत हवं, कारण नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाच्या पाण्यानं पीठ थोडं शिजतं आणि धरून राहतं. मग तळव्याच्या टाचेनं रगडायचं. इथे घाई केली की थापताना कडा फाटतात. पीठ जुनं असेल तर कितीही रगडा, उपयोग नाही, त्याची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेलेली असते. म्हणून दळण थोडं थोडंच आणतात.

आता हात पाहा. कोरड्या पिठावर भाकर बोटांनी फिरत फिरत मोठी होते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावरून पाण्याचा हात फिरतो. हे पाणी पुरतं सुकायच्या आत भाकर उलटायची. उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो, वाफ तिथूनच निसटते आणि भाकर फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून आरासमोर उभी करायची. फुगली! सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. तेल मागू नका, खुरासणीत ते भरपूर असतं.

दुपारी पडवीत गोधडी टाकलेली असते. करवंदं खा, झोपा. यजमानांनाही तासभर पाठ टेकू द्या, त्यांचा दिवस पाचला सुरू झालाय. मे महिन्यात पाणी लांबून येतं. आंघोळ एका बादलीत उरका.

उतारावरचे हे काळे चौकोन म्हणजे भाजलेले राब. शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव. वाऱ्याच्या बाजूनं लावला तर जाळ भरकन पुढे पळतो आणि खालची माती भाजतच नाही. तण आणि किडीची अंडी जळतात, राख खत होते. पाऊस पडला की याच चौकोनांत भाताचं रोप वाढेल.

आणि अंधार पडला की हे काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. काजव्यांनी भरलेलं झाड एका तालात उजळतं, विझतं. प्रकाश नर-मादीच्या इशाऱ्यांचा आहे. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंतच हा खेळ. जोराचा पाऊस लागला की संपला. अमावस्येच्या आसपास या. पडद्यावर दिसतो तेवढा लखलखाट डोळ्यांना दिसणार नाही, हेही सांगायला हवं. कॅमेऱ्यानं कित्येक सेकंदांचा उजेड एकावर एक साठवलाय. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, आणि मोबाइल एकदा उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. पायवाट दिवसाउजेडी पाहून ठेवा. बॅटरी लागलीच तर काचेवर लाल कागद लावून, जमिनीकडे धरून. गाडी गावातच ठेवा. हेडलाइटच्या झोतात इशारे तुटतात, जोड्या जुळत नाहीत.

पाहुण्यांचा पैसा घरात आला की मजुरीसाठी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची वाट थोडी कमी तुडवावी लागते.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा यायचं असेल तर आधी विचारून या, आणि चिखलात उतरायची तयारी ठेवा. घरातलं माणूस न् माणूस खाचरात असतं. भाकरी पहाटेच करून फडक्यात बांधलेल्या असतात.