पोरं काय खाणार ते ताटात नाही, किराण्याच्या यादीत ठरतं

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यावर येते. घरात पाचवी ते नववीतलं पोर असेल तर "हा काही खातच नाही हो" हे वाक्य तुमच्याकडे रोज एकदा तरी होत असणार, आणि त्याच पोराने दुपारी कुरकुऱ्यांचा आख्खा पुडा संपवलेला असणार. म्हणजे खात नाही असं नाहीये, व्यवस्थित खातोय, फक्त तुम्हाला पाहिजे ते खात नाहीये. मग रात्री ताटावर बसलं की सुरू, भाजी घे, अजून एक पोळी घे, मोबाईल ठेव तो, कोशिंबीर तशीच राहिलीय... माझं म्हणणं एवढंच आहे की हे भांडण चुकीच्या जागी चाललंय. गोष्ट ताटापर्यंत येईस्तोवर निकाल लागलेला असतो, आणि तो लागतो महिन्याच्या किराण्याच्या यादीत आणि घराच्या टाइमटेबलमध्ये. कसं ते सांगते.

आधी हे वय काय मागतं ते बघू, कारण इथे बऱ्याच घरांचा अंदाज चुकतो. मुलींची उंची साधारण दहा-अकराव्या वर्षी झपाट्याने वाढायला लागते, मुलांची त्यानंतर एक-दोन वर्षांनी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराचे जे आकडे दिलेत त्यात १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २८६० कॅलरी लागतात आणि मुलीला २४००. आता बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाचा आकडा बघा, पुरुषाला २११० आणि बाईला १६६०. म्हणजे आठवीतला पोरगा ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या बाबांपेक्षा जास्त खाणार, हे बरोबरच आहे, त्याला "किती खातोस रे" म्हणून हसू नका. लोहाचं तर अजून वेगळं, बाबांना दिवसाला १९ मिलिग्रॅम पुरतं आणि आठवीतल्या मुलीला ३० लागतं. तीस! आणि बऱ्याच घरात अंडं आधी कोणाच्या ताटात जातं, मटणाचे पीस कोणाला जातात, हे मी सांगायला नको.

याचा परिणाम दिसतोच. केंद्र सरकारचा मुलांच्या पोषणाचा मोठा सर्व्हे झाला होता २०१६ ते २०१८ मध्ये, त्यात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींना ॲनिमिया निघाला आणि मुलांपैकी १८ टक्के. ॲनिमियाची कारणं बरीच असतात, पाळी हेही त्यातलं एक आहे, सगळं खापर जेवणावर फोडता येणार नाही. पण बारा-तेरा वर्षांची मुलगी आईबरोबर वाढायला उभी राहते आणि दादा बाबांबरोबर पहिल्या पंगतीला बसतो, मग शेवटी तिच्या वाटणीला रस्सा आणि सकाळची पोळी, हे अजूनही होतं, शहरातही होतं, आणि कोणी मुद्दाम करत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय बिनपैशाचा आहे. सगळ्यांची ताटं एकदम वाढा आणि एकदम बसा, पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर काही बिघडत नाही. गरम फुलका तव्यावरून थेट ताटात पाहिजे असा हट्ट ज्याचा असेल त्याने उठून स्वतः भाजून घ्यावा.

बरं, आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वेळ. संध्याकाळचे साडेचार. रात्रीचं जेवण नाही, नाश्ता नाही, साडेचार.

शाळा सुटते, पोर घरी येतं, दप्तर सोफ्यावर, डब्यातली भाजी अर्धी तशीच, साडेपाचला क्लास आहे, आई-बाबा दोघं कामावर, आजी असली तर झोपलेली. भूक अशी लागलेली असते की विचारू नका. मग काय होतं, फ्रिज उघडतो, बघतो, बंद करतो, परत उघडतो (काय, मधल्या दहा सेकंदात काही नवीन येतं का तिथे?), आणि मग ओट्यावरचे डबे. पहिल्या डब्यात बिस्किटं, दुसऱ्यात फरसाण, बाजूला खारी, खालच्या ड्रॉवरमध्ये मॅगी. पोळ्यांचा डबा आहे पण तो रुमालात गुंडाळून मागे कोपऱ्यात, दही फ्रिजच्या तळाला, शेंगदाणे कच्चे आणि बरणीचं झाकण घट्ट. तुम्ही त्या जागी असता तर काय खाल्लं असतं? मीही बिस्किटंच खाल्ली असती. तर पोरगं पाऊण पुडा बिस्किटं आणि मूठ-दोन मुठी फरसाण खाऊन क्लासला जातं, येताना गाडीवर वडापाव किंवा मंचुरियन, आणि रात्री नऊला तुम्ही प्रेमाने वाढलेल्या दोडक्याच्या भाजीकडे बघून म्हणतं, मला भूक नाहीये. खरं बोलतंय ते! आणि आपण त्यालाच नखरे म्हणतो.

यावर मी पोराला काही समजवायला जाणार नाही, मी साडेचारचं जेवण लावेन. जेवण म्हणतेय मी, खाऊ नाही. सकाळी चार पोळ्या जास्तीच्या करायच्या, त्यातल्या दोनवर शेंगदाण्याची चटणी आणि दही, किंवा कुस्करा, किंवा आदल्या दिवशी मोड आणून ठेवलेली मटकी परतून, उकडलेलं अंडं, थालीपीठ, जे तुमच्याकडे चालतं ते. आणि गॅस न पेटवता पोराला स्वतःला करता येईल असं एक तरी पाहिजे. पातळ पोहे घ्या, त्यात कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा बारीक चिरून, मूठभर भाजलेले शेंगदाणे, लिंबू पिळलं की झालं, पाच मिनिटं. बारा वर्षांच्या पोराला कांदा चिरता आला पाहिजे, मुलीलाच नाही, मुलालाही. फक्त शेंगदाणे रविवारी भाजून काचेच्या बरणीत पुढे ठेवा आणि बिस्किटं मागे ढकला, किंवा आणूच नका. याच्यावर जगभर अभ्यास झालेत आणि निष्कर्ष काही फार गूढ नाही, पोरं घरात जे असतं ते खातात आणि त्यातही जे हाताला लागतं, धुतलेलं, चिरलेलं, समोर असतं ते आधी खातात. आख्खं कलिंगड फ्रिजमध्ये चार दिवस तसंच पडून राहतं, फोडी करून ठेवलं की तासाभरात डबा रिकामा.

आता लगेच कमेंट येणार की ताई आम्ही आणतो पण लपवून ठेवतो, कपाटाच्या वरच्या फळीवर. अहो, ते सगळ्यात वाईट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास छापला होता, लहान मुलांना एक खाऊ मोकळा दिला आणि तसाच दुसरा खाऊ समोर ठेवून त्याच्यावर बंदी घातली. बंदी असलेल्याबद्दलच मुलं जास्त बोलायला लागली, मागायला लागली, आणि हातात आल्यावर जास्त घ्यायला लागली. ती मुलं बालवाडीच्या वयाची होती हे खरं, पण आपल्या सातवीतल्या पोराकडे त्यांच्यापेक्षा जास्त साधनं आहेत, त्याला स्टूल सापडतं, कोपऱ्यावरच्या दुकानात ५ रुपयांचा पुडा मिळतो, आणि आईच्या फोनवरून दहा मिनिटांत घरपोच काय काय मागवता येतं हे त्याला आईपेक्षा चांगलं माहितीये. म्हणून एकतर ती वस्तू रोजच्या यादीत नको, किंवा आणलीच तर सगळ्यांनी मिळून उघड्यावर खा आणि विषय संपवा, आणून लपवण्याचा तिसरा उद्योग नको. बाहेर कधीतरी खाल्लं तर खाल्लं, आकाश कोसळत नाही.

आणि जबरदस्तीचंही तसंच. २००६ चा एक अभ्यास आहे, त्यात मुलांना सूप दिलं, काही वेळा सारखं "सूप संपव" म्हणत राहिले आणि काही वेळा काहीच बोलले नाहीत. टोकलं तेव्हा मुलांनी कमी प्यायलं आणि नावंही जास्त ठेवली. एलिन सॅटर म्हणून अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत त्यांची वाटणी मला फार पटते: काय बनणार, कधी आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे पोराने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, काय बनणार ते पोरगं ठरवतं (आज पनीरच पाहिजे) आणि किती खायचं ते आई ठरवते.

जाता जाता एक, ते "लहान ताट घ्या, लहान वाटी घ्या, आपोआप कमी खाल्लं जातं" असं जे फॉरवर्ड फिरतं ना, त्यामागचे गाजलेले अमेरिकन प्रोफेसर ब्रायन वॉनसिंक यांचे सहा पेपर २०१८ मध्ये जामा या मेडिकल जर्नल्सच्या समूहाने मागे घेतले, मोठ्या भांड्यातून जास्त खाल्लं जातं हा पेपरही त्यात होता. तर वाढत्या वयाच्या पोराचं ताट लहान करायच्या भानगडीत पडू नका प्लीज, वरचा २८६० चा आकडा आठवा.

आता बाबा लोकांकडे येते, पळू नका. ऑफिसमधून येताना अर्धा किलो फरसाण आणि जिलबी कोण आणतं? "पोरांसाठी आणलंय" असं म्हणून टीव्हीसमोर वाटी घेऊन कोण बसतं? आणि मग पोराला म्हणायचं पालेभाजी खा, शक्ती येते. ज्या घरात वडील मेथीची भाजी बाजूला सारतात त्या घरातला मुलगा ती खाईल ही अपेक्षाच कशी करता. सगळे सल्ले आईला, व्हिडिओ पण आईनेच बघायचे, यादी पण तिनेच करायची, हे मला अजिबात मान्य नाही. महिन्याची यादी एकदा पोराला आणि बाबांना बरोबर घेऊन करा, पोराला पाकिटामागचं छोट्या अक्षरातलं वाचायला लावा. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांमध्ये आहे आणि ३०० मिलीच्या कोलाच्या एका बाटलीत त्याच्यापेक्षा जास्त असते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरचंही बघा. २०२४ मध्येच केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं होतं की बोर्नव्हिटासकट असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढा. पोरं स्वतः वाचतात तेव्हा जास्त भडकतात, आपण सांगून तेवढा परिणाम होत नाही.

सकाळचं बोलू थोडं. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, हा निव्वळ मोबाईलचा दोष नाही, शरीरच तसं बदलतं. त्यात सकाळची शाळा सातला, मग पहाटे सहाला कोणाच्या पोटात पोहे जाणार? म्हणून होतं काय, चहा-बिस्किट किंवा चहा-चपाती. चपातीचं ठीक आहे, पण चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं धान्यातलं आणि भाजीतलं लोह नीट शोषू देत नाहीत. ज्या मुलीला घरात सगळ्यात जास्त लोह लागतं तिला आपण लोहाबरोबर चहा देतोय, कमालच आहे. चहा बंद करायचं भांडण नको, तासभर पुढे-मागे सरकवा आणि जेवणात लिंबू, पेरू, आवळा असं क जीवनसत्त्वाचं काही असू द्या, त्याने लोह नीट शोषलं जातं. नाश्ता घरी जात नसेल तर छोट्या सुट्टीसाठी वेगळा डबा द्या, तिथे खातात, कारण मित्र खात असतात.

एक विषय मला राहू द्यायचा नाहीये, वजनावरून बोलणं. लग्नात भेटलेली मावशी, "अगं किती सुटलीस", नाहीतर "काय रे काडी पैलवान, आई जेवायला देत नाही का". अमेरिकेत मिनेसोटात प्रोजेक्ट ईट नावाचा अभ्यास १९९८ पासून मुलांच्या मागे मागे चाललाय, त्यात घरच्यांकडून वजनावरून चिडवलं जाणं आणि पुढे खाण्याचे विचित्र प्रकार, उपाशी राहणं, एकदम बकाबका खाणं, यांचा संबंध परत परत दिसलाय. एकत्र जेवणाऱ्या घरातली मुलं फळं-भाज्या जास्त खातात असंही त्यात आलंय, आता एकत्र जेवायला वेळ मिळणारी घरं मुळातच वेगळी असू शकतात हा मुद्दा राहतोच, पण आठवड्यातून तीन-चार वेळा फोन बाजूला ठेवून एकत्र बसायला खर्च काय येतो? मावशीला मात्र तिथल्या तिथे थांबवा, पोरांच्या समोरच. आणि मुलगी अचानक डबा परत आणायला लागली, उपवास वाढले, पाळी चुकायला लागली, तर डाएट करतेय म्हणून कौतुक करू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि ती निळी गोळी. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. बऱ्याच घरातून पोरांना सांगितलेलं असतं की घेऊ नको, मळमळतं, आणि मग ती गोळी कंपासपेटीत सापडते, दोन-तीन एकदम. मळमळतं काहींना, रिकाम्या पोटी घेतली तर जास्तच, म्हणून जेवण झाल्यावर घ्यायला सांगा, आणि वर चहा नको, पाणी. आज कंपासपेटी उघडून बघा, किती सापडल्या ते कमेंटमध्ये लिहा, पोरांना न ओरडता.