चांदीच्या गावाला बर्फ सापडला

मित्रहो, आजचा विषय ॲस्पेन. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं, रॉकी पर्वतातलं स्कीइंगचं गाव. पण सुरुवात मी करणार आहे मुंबईच्या टांकसाळीपासून. विषय चुकलेला नाही, जरा धीर धरा.

ॲस्पेन वसलं 1879 च्या सुमारास, चांदीसाठी. बर्फाचं कौतुक तेव्हा कुणालाच नव्हतं, उलट तो आडवा यायचा. दहा-बारा वर्षांत वस्ती दहा हजारांच्या वर गेली. रेल्वे आली, विजेचे दिवे आले, 1889 मध्ये जेरोम व्हीलर नावाच्या धनिकानं एक ऑपेरा हाउस आणि एक झोकदार हॉटेल बांधलं. सगळा डौल चांदीच्या भावावर.

त्या काळी हिंदुस्थानात कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. म्हणजे जगातल्या चांदीला हे एक हक्काचं गिऱ्हाईक. 26 जून 1893 ला सरकारनं ती सोय बंद केली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींची दारं खासगी चांदीला मिटली आणि काही दिवसांतच चांदीचा भाव असा गडगडला की कोलोरॅडोतल्या खाणी पटापट बंद पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सरकारनंही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली. मग उरलंसुरलंही गेलं. दैव कसं चेष्टा करतं बघा. पुढच्याच वर्षी, 1894 मध्ये, ॲस्पेनच्या स्मगलर खाणीत चांदीचा एक गोळा सापडला, जवळजवळ एक टनाचा. खाणीतून बाहेर काढायला तो फोडावा लागला. गोळा मिळाला, भाव गेला होता.

1930 च्या जनगणनेत गावात माणसं किती? 705. मधल्या चाळीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लोक बटाटे लावत होते, गुरं पाळत होते आणि चांदीचे दिवस परत येतील म्हणून वाट बघत होते.

1936 मध्ये टी. जे. फ्लिन नावाचा इथला माणूस कॅलिफोर्नियात खाणींचे हक्क विकायला गेला. समोर गिऱ्हाईक होतं बिली फिस्क, बॉबस्लेमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेला. फ्लिन डोंगरांचे फोटो दाखवत खाणींची महती सांगत होता आणि फिस्कला त्या फोटोंत उतार दिसत होते. खाण राहिली बाजूला! फिस्कनं मित्रांच्या साथीनं गावाबाहेर एक लॉज बांधलं आणि डोंगर पारखायला आंद्रे रॉक या स्विस गिर्यारोहकाला बोलावलं.

आपल्याकडच्या गिर्यारोहकांना हे नाव ठाऊक असेल. याच रॉकनं 1939 मध्ये गढवालात दुनागिरीवर पहिली यशस्वी चढाई केली. तर या रॉकनं गावाच्या डोक्यावरच्या ॲस्पेन माउंटनवर एक उताराची वाट आखून दिली आणि 1937 च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी झाडं तोडून ती मोकळी केली. ‘रॉक रन’ तीच.

पण चढायचं कसं? इथे खाण कामाला आली. खाणीतून माल वर ओढणारी जुनी यंत्रं पडून होतीच. त्यांना मोटारीचं जुनं इंजिन जोडलं, तारेच्या दोरखंडाला दोन लाकडी घसरगाड्या बांधल्या. एक वर जाताना दुसरी खाली, विहिरीवरच्या दोन बादल्यांसारखी. गाडीचा आकार होडीसारखा, म्हणून नाव ‘बोट टो’. भाडं दहा सेंट.

मग महायुद्ध आलं. फिस्क ब्रिटिश हवाई दलात गेला आणि 1940 मध्ये मारला गेला. मोठ्या रिसॉर्टचा बेत बारगळला. पण लेडव्हिलजवळ कॅम्प हेल इथे डोंगरी सैन्याची छावणी पडली आणि सुट्टीला जवान ॲस्पेनला येऊ लागले. त्यांच्यात ऑस्ट्रियाच्या सेंट अँटनचा फ्रीडल फायफर होता. हे गाव बघून त्याला आपलं गाव आठवलं. इटलीत तो जबर जखमी झाला, तरी परतला तो इथेच. त्याच सुमारास शिकागोचा उद्योगपती वॉल्टर पेप्के आला. फायफरला डोंगर हवा होता, पेप्केला संस्कृती. दोघांचं जमलं. 1946 मध्ये स्की कंपनी निघाली आणि 11 जानेवारी 1947 ला स्कीअरना डोंगरावर नेणाऱ्या ‘लिफ्ट वन’चा उद्घाटन सोहळा झाला. एकेकट्या खुर्चीची ही लिफ्ट त्या वेळी जगात सर्वांत लांब होती.

पेप्के हौशी माणूस. 1949 मध्ये जर्मन कवी गोएथेची द्विशताब्दी त्यानं इथे साजरी केली, त्यासाठी आफ्रिकेत दवाखाना चालवणारे डॉक्टर-विचारवंत अल्बर्ट श्वाइट्झर आले. त्यांची अमेरिकेची ती एकमेव भेट. पण पेप्केनं गावातल्या घरांना फुकट रंग देऊ केला, अट एकच, छटा त्याचा कलाकार हर्बर्ट बायर ठरवणार. तेव्हा कित्येक गावकरी बिथरले. मला ते पटतं. पडकं असलं तरी घर आपलं असतं. 1950 मध्ये अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, स्कीइंगच्या जागतिक स्पर्धा इथे झाल्या, युरोपबाहेर पहिल्यांदाच. नंतर बटरमिल्क, हायलँड्स, स्नोमास असे आणखी तीन डोंगर जोडले गेले. तो भाग पैशांचा, मला त्यात फारसा रस नाही.

मला रस आहे तो डोंगराखालच्या जमिनीत. उतार जिथे आहेत तिथे जुन्या खाणींचे हक्क होते, ते भाड्यानं घेतल्याशिवाय लिफ्ट उभी राहणार नव्हती. 1957 मध्ये स्की कंपनीचा अध्यक्ष झाला डी. आर. सी. ब्राउन, एका जुन्या खाणमालकाचाच मुलगा. आणि 1980 च्या दशकात स्मगलर खाणीजवळच्या वस्तीतल्या मातीत शिसं निघालं, तेव्हा सरकारला ती जागा प्रदूषितांच्या यादीत घालावी लागली.

ॲस्पेन माउंटनवर आजही काही तीव्र उतारांना ‘डंप्स’ म्हणतात. खाणीतून उपसलेली दगडमाती जिथे ओतली, ते हे ढीग. वर बर्फ पडतो, कसलेले स्कीअर त्यावरून सुसाट खाली येतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ढीग पुन्हा उघडे पडतात.